सीबीसीवरून कोविडची तीव्रता ओळखताना : एनएलआर, लिम्फोसाइट, प्लेटलेट

काचपट्टी | सोमवार, रात्री ९:१०

पावसाळ्यात मुंबईत ताप आला की सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) एकाच कागदाकडून डेंग्यू, मलेरिया, लेप्टो आणि कोविड अशा चौघांची उत्तरं मागितली जातात. त्यात २०२० पासून बऱ्याच रिपोर्टांवर एनएलआरची (न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांच्या गुणोत्तराची) ओळ छापून यायला लागली. आकडा ३ च्या वर गेला की शेजारी बाण, आणि बाण दिसला की माणूस सीटी स्कॅनची चौकशी सुरू करतो. कोविडमध्ये रक्तपेशी काय सांगतात, कधी सांगतात आणि कधी साफ चकवतात, ते या धाग्यात लिहू. निदान सीबीसीवरून होत नाही, त्याला आरटीपीसीआर किंवा अँटिजेन लागते. सीबीसी कामाला येते ती निदान झाल्यावर.

आधी हिशेब. रिपोर्टवर पांढऱ्या पेशींचा टोटल काउंट असतो आणि खाली त्यांच्या प्रत्येक प्रकाराचे (न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट वगैरे) टक्के. टक्क्यांवर कधीच थांबू नका. टोटल गुणिले टक्के भागिले १०० केलं की खरा आकडा, म्हणजे अ‍ॅब्सोल्यूट काउंट, मिळतो. प्रौढांमध्ये लिम्फोसाइट साधारण १००० ते ३००० आणि न्यूट्रोफिल २००० ते ७००० (प्रति मायक्रोलिटर) असावेत. न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागलं की एनएलआर. तो टक्क्यांवरून काढा नाहीतर अ‍ॅब्सोल्यूटवरून, उत्तर तेच.

तीन नमुने घ्या (आकडे समजावण्यापुरते):
क : टोटल ५२००, न्यूट्रोफिल ७८, लिम्फोसाइट १४. लिम्फोसाइट ७२८, एनएलआर ५.६.
ख : टोटल १२०००, न्यूट्रोफिल ८४, लिम्फोसाइट १०. लिम्फोसाइट १२००, एनएलआर ८.४.
ग : टोटल ३०००, न्यूट्रोफिल ६२, लिम्फोसाइट ३०. लिम्फोसाइट ९००, एनएलआर २.१.

बाण सगळ्यात मोठा ‘ख’ ला, पण त्याचे लिम्फोसाइट ठीक आहेत. तिथे आधी जिवाणूंचा संसर्ग किंवा पोटात गेलेलं स्टेरॉइड शोधायचं. ‘ग’ ला एनएलआरचा बाण नाही, टक्के अगदी पुस्तकातले, पण लिम्फोसाइट हजाराच्या खाली आहेत. कोविडचा खरा ठसा ‘क’ मध्ये : टोटल नॉर्मल, लिम्फोसाइट घसरलेले, इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचाच आणखी एक प्रकार) बहुतेक शून्य.

लिम्फोसाइट घसरतात कारण त्यांच्यातल्या टी पेशी, सीडी४ आणि सीडी८ दोन्ही, काही फुप्फुसाकडे ओढल्या जातात आणि काही सायटोकाइनच्या (दाह वाढवणाऱ्या रसायनांच्या) माऱ्यात मरतात. न्यूट्रोफिल वाढतात कारण दाह पेटला की अस्थिमज्जा ते घाईघाईने बाहेर ढकलते. एनएलआरमध्ये या दोन्ही गोष्टी एका भागाकारात येतात. सोय तिथेच आहे आणि गोंधळही तिथेच.

जांभळी_नळी | रात्री ९:४८

काचपट्टीताई, हिशेबाच्याही आधी नमुना. निम्मे विचित्र रिपोर्ट सुई आणि नळी यांच्यामध्येच तयार होतात.

१. जांभळ्या बुचाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळी खुणेपर्यंत भरायची. २ मिलीच्या नळीत पाऊण मिली रक्त घातलं तर ईडीटीए प्रमाणाबाहेर होतं, पेशी आकसतात, काचेवर (सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पट्टीवर पसरलेल्या थेंबात) आकार बिघडतो.
२. नळी ८ ते १० वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करायची. गदागदा हलवायची नाही. न हलवता स्टँडला लावली तर बारीक गुठळ्या होतात, प्लेटलेट त्यात अडकतात आणि रिपोर्ट येतो ४० हजारांचा.
३. नळ्यांचा क्रम : निळी (सायट्रेट), मग साधी किंवा पिवळी, मग जांभळी, शेवटी राखाडी. जांभळीतलं रक्त दुसऱ्या नळीत ओतलं की तिथे पोटॅशियम आकाशाला भिडतं आणि कॅल्शियम जमिनीवर येतं.
४. सलाइन चालू असलेल्या हातातून रक्त घ्यायचं नाही. सगळे काउंट एकदम पातळ होतात. हिमोग्लोबिनही त्याच प्रमाणात पडलेलं दिसलं तर हाच संशय.
५. चार जिने चढून आलेल्याला दहा मिनिटं बसवा. धाप लागलेली असताना पांढऱ्या पेशी तात्पुरत्या वाढतात.

आणि प्रवास. उपनगरातल्या कलेक्शन सेंटरवर सकाळी ७ ला घेतलेलं रक्त मुख्य लॅबच्या मशीनवर दुपारी ३ ला चढत असेल तर काउंट जेमतेम चालतील, पण काच २ ते ४ तासांच्या आत ओढलेली हवी. नंतर न्यूट्रोफिलमध्ये पोकळ्या पडायला लागतात, आणि त्या आजाराच्या की उशिराच्या ते कुणी सांगू शकत नाही. थंड पेटीत बर्फाची पिशवी नळीला थेट चिकटवायची नाही, मध्ये कापड किंवा पुठ्ठा हवा. रिपोर्टवर रक्त घेतल्याची आणि तपासल्याची वेळ छापलेली असते, ती वाचा. त्या दोन वेळांमधलं अंतर कुणीच बघत नाही.

भांडुपकर | रात्री १०:०५

दोन्ही प्रतिसाद उत्तम. एक शंका : काही रिपोर्टवर न्यूट्रोफिल लिहिलेलंच नसतं. ‘लिम्फ, मिड, ग्रॅन’ अशा तीन ओळी असतात. त्यावरून एनएलआर काढायचा का?

काचपट्टी | रात्री १०:३१

भांडुपकर, तो थ्री पार्ट मशीनचा रिपोर्ट. हे यंत्र पेशींना आकारावरून तीन ढिगांत टाकतं : लहान, मधल्या, मोठ्या. मधल्या ढिगात मोनोसाइटबरोबर (हाही पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) इतर काहीही पडतं. विषाणूच्या तापात लिम्फोसाइट स्वतःच फुगतात, त्यांना आम्ही रिअ‍ॅक्टिव्ह म्हणतो. हे फुगलेले लिम्फोसाइट थेट ‘मिड’ मध्ये जाऊन बसतात. मग लिम्फोसाइट खोटे कमी आणि भागाकार खोटा जास्त. म्हणून थ्री पार्टवर मिड १० च्या वर असेल तर काच पाहिल्याशिवाय एनएलआर काढू नये. फाइव्ह पार्ट मशीन लेझरने पेशीच्या आतली रचनाही बघतं, त्याचा आकडा बराच भरवशाचा. तरी यंत्राने फ्लॅग (शंकेची खूण) मारला असेल तर काच पाहायचीच.

काच म्हणजे : छोटा थेंब, ओढणारी पट्टी ३० ते ४५ अंशांत, एका दमात. लेशमन स्टेन २ मिनिटं, त्यावर दुप्पट बफर (६.८ पीएच), मग ७ ते १० मिनिटं, मग धुणं. बफर आम्लाकडे झुकलं तर सगळं गुलाबी, अल्काकडे झुकलं तर सगळं निळं, आणि टॉक्सिक ग्रॅन्युल (तीव्र संसर्गात न्यूट्रोफिलमध्ये दिसणारे गडद कण) दिसले म्हणून उगाच लिहिलं जातं.

मोजमाप | रात्री ११:१२

काचेवर मोजण्याबद्दल एक गोष्ट, जी रिपोर्टवर कधीच छापत नाहीत. १०० पेशी मोजून २० लिम्फोसाइट मिळाले, तर खरा आकडा साधारण १३ ते २९ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. यात मोजणाऱ्याची चूक नाही, फक्त १०० च पेशी मोजल्याचा हा परिणाम. समजा न्यूट्रोफिल ७५ आणि लिम्फोसाइट २०, म्हणजे एनएलआर ३.७५. लिम्फोसाइट खरे १३ (आणि न्यूट्रोफिल ८२) असतील तर एनएलआर ६ च्या पुढे, २९ (आणि न्यूट्रोफिल ६६) असतील तर सव्वादोनच्या आसपास. म्हणजे हाताने मोजलेल्या काचेवरून ‘काल ३.४, आज ३.९, वाढला हो’ म्हणण्याला काही अर्थ नाही. यंत्र हजारो पेशी मोजतं, तिथे ही अडचण फार कमी. हाताने मोजायचंच तर निदान २०० मोजा.

दुसरं, ३.१३ हा आकडा मंत्रासारखा फिरला. तो आला बीजिंगमधल्या ६१ रुग्णांच्या अभ्यासातून. त्यातही एकटा एनएलआर नव्हता, वय ५० किंवा जास्त ही अट जोडीला होती. दोन्ही अटींत बसणाऱ्यांपैकी निम्मे अतिगंभीर झाले. आपल्याकडे वयाची अट गळाली आणि भागाकार तेवढा उरला. २५ वर्षांच्या मुलाला ३.४ वर बाण देणं म्हणजे त्या अभ्यासाचं नाव घेऊन भलतंच काही सांगणं.

तिसरं, लिम्फोसाइट कमी म्हणजे गंभीर, हेही तितकं सरळ नाही. २०२० च्या सुरुवातीच्या चीनमधल्या १०९९ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात दाखल होताना ८३.२ टक्के लोकांचे लिम्फोसाइट कमी होते. गंभीर गटात ९६.१ टक्के, आणि गंभीर नसलेल्यांतही ८०.४ टक्के! कारण तिथे ‘कमी’ची रेघ १५०० वर ओढली होती. एवढी वर रेघ ओढली तर चाळणीतून कोणी सुटतच नाही. ८०० च्या खाली, आणि त्यातही दर दोन दिवसांनी घसरत, असं असेल तर बोलायला अर्थ आहे.

वॉर्डफेरी | मंगळवार, सकाळी ७:२०

मोजमाप यांच्याशी आकड्यांपुरता सहमत. पण एनएलआर मोडीत काढू नका. फेरिटिन, आयएल-६ या दाह मोजणाऱ्या तपासण्यांच्या किमती बघा आणि सीबीसीची बघा. खाटा भरलेल्या असताना, दुसरं काही हाताशी नसताना, कुणाकडे आधी बघायचं हे ठरवायला हा भागाकार उपयोगी पडतो. अट एकच, तो ऑक्सिजनच्या पुढे उभा करायचा नाही. तीव्रता ठरते ती अशी : एसपीओ२ (ऑक्सिमीटरवरचा ऑक्सिजनचा टक्का) ९० ते ९३ किंवा श्वास मिनिटाला २४ वा जास्त म्हणजे मध्यम. ९० च्या खाली किंवा श्वास ३० च्या वर म्हणजे गंभीर. हे देशाच्या मार्गदर्शक सूचनांतले निकष आहेत, त्यात एनएलआर नाही. ऑक्सिजन ८९ आणि एनएलआर २.५ असलेला रुग्ण गंभीरच. उलट ऑक्सिजन ९८, श्वास १६, एनएलआर ५ असलेल्याला बोटाला ऑक्सिमीटर लावून दिवसातून चार वेळा आकडा लिहायला सांगायचं आणि ४८ तासांनी पुन्हा सीबीसी.

आता दिवस. लक्षण सुरू झाल्याचा पहिला दिवस धरून मोजा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्याचा नव्हे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लिम्फोसाइट जवळजवळ सगळ्यांचेच खाली असतात, त्यावरून भविष्य सांगू नये. पाचव्या ते दहाव्या दिवसात दोन गट वेगळे होतात : बरे होणाऱ्यांचे लिम्फोसाइट वर यायला लागतात आणि इओसिनोफिल शून्यावरून परत दिसतात, बिघडणाऱ्यांचे खालीच राहतात. दिवस आणि टक्के जोडणारा एक चिनी आराखडाही आहे. १० ते १२ व्या दिवशी लिम्फोसाइट २० टक्क्यांच्या खाली असतील तर सावध. १७ ते १९ व्या दिवशी ५ च्या खाली असतील तर प्रकृती अत्यंत चिंताजनक.

आणि सगळ्यात मोठा घोटाळा स्टेरॉइडचा. डेक्सामेथासोनचा (या स्टेरॉइडचा) एक डोस गेला की रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात, काही तासांत लिम्फोसाइट रक्तातून बाजूला होतात आणि इओसिनोफिल गायब होतात. म्हणजे औषधाने हुबेहूब ‘गंभीर कोविड’चं चित्र तयार होतं. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, आणि ऑक्सिजन लागणाऱ्यांनाच फायदा, असं स्पष्ट दाखवलं. तरी तिसऱ्या दिवशीच घरी गोळ्या सुरू करून सहाव्या दिवशी एनएलआर ९ आला म्हणून धावणारे होते. स्टेरॉइड सुरू झाल्यावरचा एनएलआर आधीच्या एनएलआरशी ताडून पाहू नका. पहिल्या गोळीच्या आधीची सीबीसी हाच पाया.

चाळकरी_३ | सकाळी ९:०२

आणि प्लेटलेट? घरात लगेच पपईच्या पानांचा रस सुरू होतो :)

वॉर्डफेरी | सकाळी ९:४०

रस राहू दे, आधी आजार कुठला ते बघू. कोविडमध्ये प्लेटलेट घसरतात, पण बेताने : १ लाख ते दीड लाख. वर सांगितलेल्या १०९९ जणांच्या अभ्यासात दीड लाखाच्या खाली असलेले ३६.२ टक्के होते. मुंबईच्या पावसाळ्यात प्लेटलेट ५० हजारांच्या खाली आणि श्वास ठीक, असं असेल तर कोविडच्या आधी डेंग्यू आणि मलेरिया. डेंग्यूत प्लेटलेट उतरत असतानाच हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) चढतो, कारण रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. धोक्याची खूण तीच, नुसता प्लेटलेटचा आकडा नव्हे. मलेरियाला काच आणि रॅपिड दोन्ही. लेप्टोमध्ये न्यूट्रोफिल वाढलेले, प्लेटलेट कमी, त्यात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं) किंवा बिलिरुबिन (काविळीचं) चढतं. गुडघाभर पाण्यातून चालल्याचा इतिहास विचारायचाच. दोन आजार एकाच वेळी असू शकतात, हेही ध्यानात असू द्या.

कोविडच्या रुग्णात प्लेटलेट रोज पडत असतील आणि डी-डायमर (रक्तात गुठळ्या होत असल्याची खूण) चढत असेल, तर गुठळ्यांच्या दिशेने बिघाड चाललाय. हेपरिन (गुठळ्या रोखणारं औषध) सुरू होऊन ५ ते १० दिवसांत प्लेटलेट निम्म्यावर आल्या तर दोष हेपरिनचाही असू शकतो. तिथे ‘कोविड आहे, पडणारच’ म्हणून सोडून देणं महागात पडतं.

बरं होताना प्लेटलेट साडेचार-पाच लाखांवर जातात, त्याला घाबरू नका.

जांभळी_नळी | सकाळी १०:१५

प्लेटलेट अचानक ३० हजार आणि अंगावर एक ठिपका नाही? आधी काचेच्या शेपटीकडे (थेंब ओढून पातळ झालेल्या टोकाकडे) बघा. काहींच्या रक्तात ईडीटीएमुळेच प्लेटलेट चिकटून पुंजके होतात. निळ्या सायट्रेट नळीत पुन्हा रक्त घ्यायचं, मशीनवर लावायचं, आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं (नळीतल्या द्रवाने रक्त तेवढं पातळ होतं म्हणून). पुंजके मोठे असले तर काही यंत्रं त्यांना पांढऱ्या पेशी समजून मोजतात, म्हणजे प्लेटलेट खोटे कमी आणि टोटल खोटा जास्त.

डी-डायमरचा विषय निघालाच आहे तर : निळी नळी खुणेपर्यंत, ९ भाग रक्त १ भाग सायट्रेट. आणि एकक बघा. एफईयू आणि डीडीयू ही दोन वेगळी एककं : एफईयूमध्ये ५०० म्हणजे डीडीयूमध्ये साधारण २५०. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून ‘दुप्पट झाला’ म्हणणारे कमी नाहीत.

मोजमाप | सकाळी ११:३०

आरडीडब्ल्यूवर (तांबड्या पेशींच्या आकारात किती फरक आहे ते सांगणारा आकडा) कोणी बोललं नाही. बॉस्टन परिसरातल्या रुग्णालयांतल्या १६४१ रुग्णांत दाखल होताना आरडीडब्ल्यू १४.५ च्या वर असलेल्यांत मृत्यू ३१ टक्के, खाली असलेल्यांत ११ टक्के. छान आकडा, पण इथे उचलून आणता येत नाही. लोहाच्या कमतरतेने आरडीडब्ल्यू आपल्याकडे एरवीच १६-१७ असतो, बायकांमध्ये तर सर्रास. आजाराआधीची जुनी सीबीसी असेल तर तुलना करा, नसेल तर ही ओळ सोडून द्या.

काचपट्टी | दुपारी १:०५

सहमत. त्यापेक्षा काचेवर जे दिसतं ते लिहायला हवं. साध्या कोविडमध्ये काठाला निळसर, मोठे रिअ‍ॅक्टिव्ह लिम्फोसाइट, काही प्लाझ्मा पेशीसारखे. हे दिसले की बरं वाटतं, शरीर लढतंय. गंभीर रुग्णात उलट : लिम्फोसाइट मोजकेच, न्यूट्रोफिलमध्ये टॉक्सिक ग्रॅन्युल, बँड पेशी (अर्धवट पिकलेले न्यूट्रोफिल), कधी मायलोसाइटपर्यंतचं त्याहून कच्चं पीक, आणि दोनच पाकळ्यांचे केंद्रक असलेले न्यूट्रोफिल. केंद्रकवाल्या तांबड्या पेशी दिसल्या तर टोटल दुरुस्त करा : टोटल गुणिले १००, भागिले (१०० अधिक त्या पेशींची संख्या). नाहीतर लिम्फोसाइट फुगलेले दिसतात आणि एनएलआर खोटा सुधारतो.

कुणाला हा भागाकार लावूच नये तेही सांगते. चार-पाच वर्षांच्या आतली मुलं, त्यांच्यात लिम्फोसाइट मुळातच जास्त. गरोदर बाई, तिच्यात न्यूट्रोफिल मुळातच वाढलेले. केमो चालू असलेले, एचआयव्ही असलेले, अवयव बदललेले.

लशींनंतर आणि ओमायक्रॉननंतर हे सगळे बदल बहुतेकांत सौम्य झालेत. वर आलेले बरेचसे आकडे २०२० च्या, लस न घेतलेल्या लोकांचे आहेत, हे विसरून आजच्या रिपोर्टला ते चिकटवू नयेत.

वॉर्डफेरी | दुपारी २:४५

औषधांपुरती भर. टोसिलिझुमॅब (दाह दाबणारं इंजेक्शन) देताना न्यूट्रोफिल १००० च्या खाली किंवा प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असतील तर थांबावं. दिल्यानंतर सीआरपी (दाह दाखवणारा आकडा) दबतो, न्यूट्रोफिलही उतरतात, म्हणजे एनएलआर ‘सुधारतो’, पण रुग्ण सुधारलाच असं नाही, आत दुसरा संसर्ग शिजत असू शकतो. बॅरिसिटिनिबसाठी (दाह दाबणारी गोळी) लिम्फोसाइट २०० च्या खाली किंवा न्यूट्रोफिल ५०० च्या खाली नकोत. इथे टक्के नाही, अ‍ॅब्सोल्यूटच बघायचा.

भांडुपकर | दुपारी ३:३०

शेवटचा प्रश्न. सौम्य आजार, घरीच आहे, वय ६२, मधुमेह. सीबीसी किती वेळा?

वॉर्डफेरी | दुपारी ४:१०

डॉक्टरांच्या देखरेखीखाली एक तिसऱ्या-चौथ्या दिवशी, दुसरी सहाव्या-सातव्या दिवशी. शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला, कारण कॉर्टिसोल या शरीरातल्या संप्रेरकाच्या चढउताराबरोबर लिम्फोसाइट सकाळ-संध्याकाळ वेगळे असतात. दाखल झालेल्या मध्यम रुग्णाला सूचनांप्रमाणे २४ ते ४८ तासांनी. घरी रोज करण्यात फायदा नाही. त्याऐवजी ६ मिनिटं चालवून ऑक्सिजन बघा (बसून ९४ च्या खाली असेल तर चालवू नका). चालल्यावर ३ किंवा जास्तीने पडला तर सीबीसीच्या रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठा. मधुमेह असल्याने साखरही सोबत, आणि स्टेरॉइड सुरू असेल तर दिवसातून अनेकदा.

जांभळी_नळी | संध्याकाळी ५:२२

आणि चिठ्ठीवर दोन ओळी लिहून पाठवत जा : ‘लक्षणांचा सहावा दिवस’, ‘स्टेरॉइड चालू / नाही’. ‘ताप, सीबीसी’ एवढंच लिहिलं तर काच बघणाऱ्याने न्यूट्रोफिल का वाढले ते ओळखायचं कशावरून?